एकाला जागा होईल का

१

बाभुळगावच्या मोठ्या रस्त्यावर, बसस्टँड यायच्या थोडं आधी, डाव्या हाताला निशिगंधा भोयर हिचं तीन खोल्यांचं घर आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला ती मागच्या खोलीत जायची, खिडकीवर दोन गोधड्या टाकायची, पंखा बंद करायची आणि कंप्युटरपुढे बसून चौदाशे शेतकऱ्यांशी बोलायची.

शेतकरी अर्थातच समोर नसत. यवतमाळच्या एका संस्थेची ती योजना होती. आठवड्यातून दोनदा लोकांच्या फोनवर बोलका निरोप जायचा. फवारणी कधी करा, कधी थांबा, बोंडअळी दिसली तर काय करा, असं सगळं. संस्थेकडून मजकूर लिहून यायचा. निशिगंधा तो आपल्या बोलीत वळवायची, रेकॉर्ड करायची, एकदा ऐकून बघायची आणि अकराच्या आत पाठवून द्यायची. सहा वर्षं झाली होती. भाजीबाजारात ती वांग्याचा भाव विचारायची तर मागून कोणीतरी म्हणायचं, "तुम्ही फोनवाल्या ताई ना?" शेवटी ती नेहमी म्हणायची, "बरं, येते मग. राम राम." आणि गावोगावची म्हातारी माणसं फोनला "या" म्हणायची, असं तिला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं.

ज्येष्ठात तिची आई, वच्छलाबाई, गेली. तेव्हापासून घरात ती एकटीच. चौथ्या दिवशी शुक्रवार होता आणि तिनं निरोप रेकॉर्ड केला. लोक म्हणाले, मोठी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं तिला पाच महिने होत होतं. जेवण व्हायचं, झोप लागायची. रडू आलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी तिनं निरोप रेकॉर्ड केला. वेचलेला कापूस ओला असेल तर लगेच साठवू नका, वाळवून मग घरात कोरड्या जागी ठेवा. एक मिनिट चाळीस सेकंद. ऐकायला म्हणून बटण दाबलं, तर आवाज नाही.

तिनं खाली कोपऱ्यातलं स्पीकरचं चिन्ह बघितलं. फुली नव्हती, आकडा बहात्तरवर होता. तो शंभर केला. दोन्ही बाजूंच्या छोट्या स्पीकरांचा लाल दिवा लागलेला होता. मागची हिरवी पिन काढून, फुंकर मारून पुन्हा घातली. मोबाईलचे इअरफोन पुढच्या भोकात घालून बघितले, त्यातही काही नाही. कंप्युटर बंद करून चालू केला. मग आवाजाची चाचणी करायचं बटण दाबलं. पडद्यावरची हिरवी पट्टी टुणकन वर उडाली, म्हणजे कंप्युटरच्या मते आवाज निघाला होता. खोलीत मात्र शुकशुकाट.

शेवटी कंप्युटरलाच विचारलं. तो बराच वेळ शोधत राहिला आणि म्हणाला, कोणतीही समस्या आढळली नाही.

अकराला पाच कमी होते. निशिगंधानं निरोप न ऐकताच पाठवून दिला.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी शामचा फोन आला. शाम राठोड हा संस्थेत निरोप पाठवायचं काम बघायचा.

"ताई, काल काय जादू केली तुम्ही?"

"काहून? काय झालं?"

"लोकं फोनच ठेवून नाई राह्यले. एरवी अर्ध्यातच कापतेत. काल तीनशे अकरा लोकं पाच-पाच, सहा-सहा मिनिटं होते फोनवर."

"निरोप तर पावणेदोन मिनिटांचा आहे, शाम."

"मले वाटते पुन्हा पुन्हा ऐकला असन. पण तसं करायले फोनवर एक नंबरचं बटन दाबा लागते, अन् थे तर कोणीच नाई दाबलं. मशीनची काही गडबड असन."

"तू ऐकला होता ना पाठवायच्या आधी?"

"हो ना. ऐकल्याबिगर पाठवतो का? चांगला आहे, नेहमीसारखा."

फोन ठेवून निशिगंधा मागच्या खोलीत गेली. कालचा निरोप लावला. आवाज येत नव्हताच, पण हिरवी पट्टी खालीवर होत होती. आपण कुठे काय बोललो ते तिला पट्टीवरून कळत होतं. इथे ओला कापूस, इथे कोरडी जागा, इथे राम राम. एक मिनिट चाळीस सेकंद झाले. निरोप संपला. पट्टी सपाट झाली.

मग ती पुन्हा हलली.

थोडीच, एखादं छोटं वाक्य बोलावं तेवढी. मग थांबली. मग आणखी एक छोटं वाक्य, आणि त्यानंतर बराच वेळ काही नाही. पुन्हा तीन-चार शब्द. निशिगंधानं आयुष्यभर फोनवर बोलणारी माणसं बघितली होती. एकच बाजू ऐकू आली तरी समजतं की हा विचारतोय आणि पलीकडचा सांगतोय. पट्टी तशी हलत होती. विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची.

तिनं स्पीकरला कान लावला. प्लॅस्टिक कोमट होतं. आतून काहीच येत नव्हतं.

सॉफ्टवेअर बिघडलं की असं होत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पट्टी मागे पडली असेल, जुनंच काहीतरी दाखवत असेल. कारण बरं होतं. तिनं ते मान्य केलं आणि कंप्युटर बंद केला. छातीत धडधड व्हायला हवी होती, हे तिच्या लक्षात आलं. तिनं हात ठेवून बघितलं. होत नव्हती.

३

गुरुवारी सकाळी तिनं कंप्युटरचा डबा आणि स्पीकर ऑटोत घालून स्टँडजवळ बंटीच्या दुकानात नेले. बंटी पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. इन्व्हर्टरपासून मोबाईलपर्यंत सगळं दुरुस्त करायचा.

त्यानं वायरी जोडल्या, एक गाणं लावलं आणि दुकान दणाणून गेलं.

"ताई, हे तं मस्त वाजून राह्यलं! कायले आणलं?"

"घरी वाजत नाही."

"आता वाजन. ऑटोत हलल्यानं ठिकाणावर आलं असन काही."

तिनं त्याला मंगळवारचा निरोप लावायला सांगितला. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं तो ऐकला. एक बाई मायेनं सांगत होती की कापूस वाळवून ठेवा. चांगली बाई वाटत होती. राम राम म्हणून ती गप्प झाली. निशिगंधा तशीच बसून राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. पुढे काही नव्हतं.

"संपलं ना, ताई," बंटी म्हणाला.

"हो. संपलं."

बंटी स्वतः घरी आला, सगळं जोडून देतो म्हणून. जोडलं. गाणं लावलं. पट्टी उड्या मारत होती आणि खोलीत जराही आवाज नव्हता. बंटीनं पिना बदलल्या, प्लग दुसऱ्या बोर्डात लावला, पिशवीतून आणलेले आपले स्पीकर लावून बघितले. ते दुकानात तिच्यादेखत वाजले होते. इथे मुके. त्यानं खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी नीट ऐकू आली. तो भिंतीजवळ गेला, खिडकीच्या गोधडीला हात लावला, आणि तिथेच जरा वेळ मान कलती करून उभा राहिला. लांबचं काही ऐकताना माणूस राहतो तसा.

"ताई, तुमच्या घरी पाहुणे आहेत का कोणी?"

"नाही. काहून?"

"नाई, मले वाटलं." त्यानं पिशवी उचलली. "वायरिंगमधी काही असन. माणूस पाठवतो मी."

तो इतक्या घाईनं गेला की स्वतःचे स्पीकर इथेच विसरला. तिनं फोन केला तेव्हा म्हणाला, राहू द्या तुमच्याकडेच, मले नाई लागत.

शुक्रवारचा निरोप तिनं रेकॉर्ड केला आणि या वेळी मोबाईलवर घेऊन ऐकला. स्वच्छ होता. एकही शब्द जास्त नव्हता. दोनदा ऐकला, मग पाठवला.

४

त्याच दिवशी चार वाजता शामचा फोन आला, पण आवाजात बुधवारची गंमत नव्हती.

"ताई, राळेगावकडच्या एका तांड्यावरून माणूस फोन करून राह्यला. हिरासिंग नावाचा. विचारते, किती दिवस ठेवायचं."

"काय ठेवायचं? कापूस?"

"म्या बी थेच म्हटलं, वाळला की मंग ठेवा म्हणून. तं म्हणे, कापूस नाई. ताईनं ज्याले पाठवलं त्याले."

निशिगंधानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकून राह्यल्या ना, ताई? असे आणखी नऊ फोन आले. पांढरकवड्याकडचे चार आहेत. एक बाबाराव म्हणून आहेत बाभुळगाव तालुक्यातलेच. थे म्हणे, आमच्या घरी अडचण आहे, पण ताईचा शब्द मोडवला नाई."

"शाम, मी कोणाला पाठवलं?"

"म्या तेच तं तुम्हाले विचारून राह्यलो."

कोणीतरी तिच्या नावावर खोटे फोन करत असेल. चोरांची टोळी असेल, आजकाल काय काय निघतं. आवाजाची नक्कलसुद्धा करता येते म्हणे. हे सगळं तिनं शामला सांगितलं आणि शामनं ते घाईघाईनं मान्य केलं. दोघांनाही ते हवं होतं. तरी तिनं हिरासिंगचा पत्ता लिहून घेतला.

५

शनिवारी ती कळंबवरून जाणाऱ्या राळेगावच्या बसमध्ये बसली. फाट्यावर उतरली तेव्हा साडेबारा झाले होते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, लख्ख ऊन. दीड किलोमीटर चालल्यावर तांडा लागला. दुपारी सगळे वेचणीला गेलेले. हिरासिंगचं घर शेवटचं, पत्र्याचं, पुढे सारवलेलं अंगण.

हिरासिंग सत्तरीचा, पांढऱ्या मिशांचा. तिनं नाव सांगायच्या आधीच, "काका, राम राम," एवढं ऐकून तो उठून उभा राहिला.

"फोनवाली बाई! बसंती, देख कोण आलं!" आणि लगेच स्वतःच्याच आवाजाला दचकल्यासारखं त्यानं तोंडावर हात ठेवला. मग हलक्यानं म्हणाला, "बसा बाई, बसा."

बसंतीबाई पाणी घेऊन बाहेर आली. तिच्या हातातल्या बांगड्या तिनं कोपरापर्यंत वर सारून फडक्यानं बांधल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. घरात ते दोघंच राहत. मुलगा हैदराबादकडे ट्रकवर होता.

"काका, तुम्ही संस्थेत फोन केला होता."

"हळू बोला, बाई," हिरासिंग म्हणाला. "निजलं हाय."

"कोण?"

म्हातारा-म्हातारीनं एकमेकांकडे बघितलं. एखाद्या बाईनं स्वतःच्याच घराचा पत्ता विचारल्यावर बघावं, तसं बसंतीबाईनं तिच्याकडे बघितलं.

"तुमीच तं पाठवलं ना," ती म्हणाली.

"काकू, मी कोणालाच नाही पाठवलं. फोनवर मी काय म्हटलं ते मला नीट सांगा."

हिरासिंगनं आठवून आठवून सांगितलं. पहिले कापसाचं बोलल्या. मग राम राम म्हटलं. मी 'या' म्हटलं. फोन ठेवणार, तं तुम्ही विचारलं, घरी कोण कोण आहे?

"मंग मी बोललो, दोघं हाओ. तुम्ही म्हटलं, दोघंच? मी म्हटलं, हो, दोघंच. तं तुम्ही म्हटलं..." तो थांबला. "एकाले जागा होईल का?"

"आणि तुम्ही हो म्हटलं."

"अब इतके साल तुमचं ऐकून राह्यलो. कधी वाईट नाई सांगलं तुम्ही. एक माणूस का जड होते?"

"मग कोण आलं, काका?"

"सांजच्याले आलं. कडी वाजली. बसंतीनं दार उघडलं."

"कोण होतं, काकू?"

बसंतीबाई जमिनीकडे बघत होती. "आत गेलं," एवढंच ती म्हणाली. मग आतल्या खोलीकडे बघून, "त्रास नाई देत. खात नाई, बोलत नाई. पण आवाज सहन नाई होत त्याले. भांडं पडलं का उठून बसते."

आतल्या खोलीला दार नव्हतं, जुन्या साडीचा पडदा होता. वारा नव्हता आणि पडदा एका बाजूनं जरा सरकलेला होता. निशिगंधाला आतली बाज दिसली. बाजेवर कोणी नव्हतं. हे तिनं नीट बघितलं, दोनदा बघितलं. अंथरूण होतं, उशी होती, माणूस नव्हतं. फक्त बाजेच्या दोऱ्या मधोमध खाली गेल्या होत्या, चांगल्या वीतभर, आणि ती बघत असतानाच बाज हलली. दोऱ्या एका बाजूच्या सैल झाल्या, दुसऱ्या बाजूच्या ताणल्या. झोपेत कोणीतरी कूस बदलली, आणि आता तिच्याकडे तोंड केलं.

हिरासिंगनं हळूच पडदा ओढून घेतला.

"किती दिवस ठेवायचं, बाई?" त्यानं विचारलं. त्याच्या विचारण्यात तक्रार नव्हती. "बसंती चार दिस झाले, बोलली नाई मोकळी. मी खोकलो का बाहेर जाऊन खोकतो. तुम्ही म्हणान तं ठेवू. पण किती दिवस, थे सांगा."

फाट्यावर परत येताना तिच्या लक्षात आलं की आपण पायांत बळ आणून भराभर चालतो आहोत, पण घाबरलेलो नाही. काय वाटतंय ते ती शोधत राहिली. बस येईपर्यंत काही सापडलं नाही. फक्त त्या दोघांचे दबलेले आवाज कानात होते, आणि तीनशे अकरा हा आकडा.

६

सोमवारी सकाळी ती यवतमाळला संस्थेत जाऊन बसली.

"खास निरोप पाठवायचा, शाम. आजच. आणि मी इथंच रेकॉर्ड करणार. तू समोर बस."

शामनं साहेबांची परवानगी काढली. शनिवारी-रविवारी मिळून त्याला आणखी चाळीस फोन आले होते. कोणीही रागावलेलं नव्हतं, तो म्हणाला, त्याचंच त्याला कसंतरी वाटत होतं. सगळे हलक्या आवाजात बोलत होते. देवसिंग नावाच्या एकानं तर विचारलं होतं की आमच्या घरी बारसं आहे, पुढं ढकलू का.

निशिगंधानं कानाला हेडफोन लावला. इथे आवाज व्यवस्थित येत होता. स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिनं कागदावर लिहून आणलं होतं ते वाचलं.

"राम राम. मी निशिगंधा बोलते. नीट ऐकून घ्या. मी तुमच्या घरी कोणालाही पाठवलेलं नाही. माझ्या नावानं कोणी आलं असेल, तर त्याला घरात ठेवू नका. परत पाठवा. घरी कोण कोण आहे, हे मी कधीही विचारणार नाही. राम राम."

तिनं ते तीनदा ऐकलं. शामनं दोनदा. शेवटच्या राम रामनंतर पाच मिनिटं दोघंही पट्टीकडे बघत बसले. ती हलली नाही.

"ताई," शाम म्हणाला, "परत पाठवा म्हणजे कुठी?"

"कुठी म्हणजे? जिथून आलं तिथं."

"हो, पण तुमच्या नावानं आलं ना." तो जरा घुटमळला. "ठेवू नका एवढंच म्हटलं तं नाई चालणार?"

"ठेवू नका म्हटलं की परत पाठवा आलंच ना त्यात. पाठव आता. एक-एक दिवस म्हाताऱ्या माणसांना जड आहे."

शामनं बटण दाबलं. एक वाजून दहा मिनिटांनी चौदाशे फोन वाजायला लागले. निशिगंधानं त्याच्याबरोबर चहा घेतला आणि ती बसस्टँडवर आली. हातून एक काम नीट झालं असं तिला वाटलं. पाच महिन्यांत असं काहीतरी पहिल्यांदाच वाटत होतं, म्हणून बसमध्ये खिडकीशी बसून ती ते वाटणं जपत राहिली.

७

घरी पोचली तेव्हा तीन वाजले होते. ती पुढच्या खोलीत खुर्चीवर टेकली आणि फोन आला. हिरासिंगनं तिचा नंबर शामकडून घेतला होता.

"पाठवलं, बाई." किती दिवसांनी तो मोकळ्या आवाजात बोलत होता, खणखणीत. "तुमचा फोन आला अन् लगेच उठलं. आपोआप. आम्हाले काही म्हणाव नाई लागलं."

"गेलं ना? बरं झालं, काका. काकू कशा आहेत?"

"बसंती रडून राह्यली. कायची रडते, तिलेच माहीत. बांगड्या सोडल्या तिनं." मग तो म्हणाला, "म्या विचारलं, रस्ता सापडन का? तं मान हालवली. फाट्यावर सोडून आलो मी. बसमधी चढून गेलं."

"कोणत्या बसमध्ये, काका?"

"तुमच्याच. बाभुळगावच्या. दुसरं कुठी जाईन?"

तिनं फोन ठेवला, तो पुन्हा वाजला. शाम होता.

"ताई, लोकं फोनवर फोन करून राह्यले. सगळे एकच सांगतेत, पाठवलं म्हणून. दीडशे झाले आतापर्यंत. मी तुमचा नंबर दिला नाई कोणाले, फक्त त्या हिरासिंगले दिला. ताई, ऐकून राह्यल्या ना? तुम्ही आज घरी नका राहू. इकडे या. आमच्या घरी या, शीला आहे, लेकरं आहेत." शीला म्हणजे त्याची बायको. "मी गाडी घेऊन येऊ का?"

"कशाला, शाम?"

"कशाला काय, ताई! तुम्हाले समजून नाई राह्यलं का?"

तिला समजत होतं. निघावं, कुलूप लावावं, यवतमाळची बस पकडावी, हे सगळं तिच्या डोक्यात नीट ओळीनं येत होतं. पण ते कोणा दुसऱ्या बाईला दिलेल्या सूचनांसारखं होतं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती शामला सांगता येण्यासारखी नव्हती. तीनशे अकरा घरांनी एका प्रश्नाला हो म्हटलं होतं, ते आपल्या आवाजावर विश्वास ठेवून. आणि आपण मात्र कुलूप लावून निघून जायचं. ते येतील, कडी वाजवतील, आणि मग? ती गेली तर ते कुठे जाणार होते, हे तिला माहीत होतं. ते पुन्हा हिरासिंगच्या आणि बाबारावच्या दारी जाणार होते, सांजच्याला.

"मी बघते, शाम," ती म्हणाली, आणि फोन बाजूला ठेवला.

पावणेपाचला राळेगावची बस आली. त्या घरापुढे थांबा नव्हता. इतक्या वर्षांत तिथे कधी एस.टी. थांबली नव्हती. ही थांबली, बरोबर फाटकासमोर. ऊन अजून रस्त्यावर होतं, समोरच्या रसवंतीत चार माणसं बसलेली होती. बसचं दार उघडलं. कंडक्टर पायरीवर आला आणि दाराच्या कडेला सरकून उभा राहिला, उतरणाऱ्यांना वाट द्यावी तसा.

कोणी उतरलं नाही.

तरी कंडक्टर उभाच होता. त्याची नजर पायरीवरून खाली जायची, पुन्हा वर यायची, पुन्हा खाली. एकदा त्यानं हात पुढे केला, एखाद्या थकलेल्या माणसाला उतरताना आधार द्यावा तसा, आणि तोंडानं काहीतरी म्हणाला. जरा हळू, असं असावं. बसमधली माणसं खिडक्यांतून बाहेर बघत नव्हती, ती समोर बघत होती, खांदे आवळून. आधी बस दाराच्या बाजूला चांगलीच कललेली होती. ती हळूहळू सरळ होत गेली.

हे किती वेळ चाललं कोण जाणे. मग कंडक्टरनं दोरी ओढली. घंटी वाजलीच असणार, तिला ती ऐकू आली नाही. बस निघून गेली.

निशिगंधानं रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. पांढरकवड्याकडून येणारी गाडी वळणावर दिसत होती आणि आतापासूनच तिचा वेग कमी होत होता. तिच्या मागे आणखी एक टमटम होती. ती एका बाजूला खूप झुकलेली होती आणि तिच्यात ड्रायव्हरशिवाय कोणीच नव्हतं.

तिच्या मनात आलं, घर भरणार. एवढंच.

ती उठली. खुर्ची भिंतीला लावली. मधला टेबल उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. आईची बाज एकटीला हलत नव्हती. तिनं पाय भिंतीला टेकून जोर लावला आणि ती कोपऱ्यापर्यंत सरकवली. फाटकाची कडी बाहेरून काढली जात होती, ते तिला दिसत होतं. तिनं दाराची दुसरी फळीही उघडली, खालची खिट्टी जाम झालेली होती ती पायानं वर ओढली.

मग येणाऱ्यांना वाट राहावी म्हणून ती भिंतीशी सरकून, अंग चोरून उभी राहिली.